दिवेआगर: सोन्याचा गणपती परत आला, वाडी अजून यायची आहे

दिवेआगरचा विषय निघाला की लोकांना दोन तारखा आठवतात. 17 नोव्हेंबर 1997, सोन्याचा गणपती सापडला तो दिवस, आणि 24 मार्च 2012, तो चोरीला गेला तो दिवस. तिसरी तारीख 3 जून 2020, निसर्ग चक्रीवादळाची, ती मात्र बाहेरच्या माणसाच्या फारशी लक्षात नसते, आणि माझं स्पष्ट मत आहे की या गावाचं सगळ्यात मोठं नुकसान त्या दुपारी झालं. सोनं गेलं तेव्हा टीव्हीवर आठवडेच्या आठवडे बातम्या चालल्या, पोफळीच्या वाड्या, म्हणजे सुपारीच्या बागा, झोपल्या तेव्हा चार दिवसांत विषय संपला, कारण सगळा देश कोरोनात अडकलेला होता. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट लिहून काढतोय, म्हणजे या गावाने 1997 नंतरच्या पंचवीसेक वर्षांत काय कमावलं, काय घालवलं आणि काय परत मिळवलं ते एका जागी दिसेल.

आधी गाव कसं आहे ते. रायगड जिल्हा, श्रीवर्धन तालुका. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असं आलं तर चार-पाच तास, मुंबईवरून मुंबई-गोवा हायवेने माणगावला येऊन पुढे तसंच, नाहीतर अलिबाग-मुरूड करत आगरदांड्याला यायचं आणि जंगल जेट्टीने गाडीसकट दिघीला उतरायचं. किनारा चार-पाच किलोमीटर लांब, सपाट, वाळू घट्ट. पण पहिल्यांदा येणाऱ्याला एक गोष्ट चटकन कळत नाही, गावात शिरलं तरी समुद्र दिसत नाही. समुद्र, मग पुळण, मग केवडा आणि सुरूचं बन, मग नारळ-पोफळीच्या वाड्या, वाडीच्या पुढच्या अंगाला घर आणि घरापुढे गावातला अरुंद रस्ता, अशी सगळी रचना आहे. म्हणजे प्रत्येक घराची पाठ वाडीकडे आणि वाडीची पाठ समुद्राकडे. खारा वारा आधी केवड्याला लागतो, मग सुरूला, मग माडांना, आणि घरापर्यंत येईस्तोवर त्याचा जोर मोडलेला असतो. ही रचना कोणी ऑफिसात बसून आखलेली नाही, पिढ्यान्‌पिढ्या वाऱ्याशी जुळवून घेत झालेली आहे. पुढे वादळाचं बोलू तेव्हा ही गोष्ट लागणार आहे.

गाव जुनं आहे, आणि किती जुनं ते सांगायला पुरावा आहे. इथे सापडलेला एक ताम्रपट शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा आहे आणि त्यातला मजकूर मराठी आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या तारीखवार लेखांत तो धरला जातो. रायगडातच अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख 1012 चा, म्हणजे आपली भाषा दगडावर आणि तांब्यावर उमटायला लागली त्या काळात ही किनारपट्टी हिशेबठिशेब लिहिणाऱ्या, व्यापारउदीम करणाऱ्या लोकांची होती. शिलाहारांची सत्ता होती तेव्हा. गावातल्या रूपनारायणाच्या देवळातली विष्णूची मूर्ती त्याच जुन्या वैभवाची साक्ष आहे. काळा गुळगुळीत दगड, आणि प्रभावळीवर बारीक बारीक दशावतार कोरलेले. दर्शन घेऊन लगेच मागे फिरू नका, मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवून डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मग एकेक अवतार सुटा सुटा दिसायला लागतो. मासा, कासव, वराह असं करत वर जायचं. शेजारीच सुंदरनारायण आहे, थोडं पुढे उत्तरेश्वर. मला राहून राहून वाटतं की सोनं सापडायच्या आधीसुद्धा या गावाकडे दाखवायला एवढं होतं, आणि ते बघायला कोणी येत नव्हतं.

नंतरच्या काळात हा भाग जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होता. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट याच मुलखातून घाटावर गेले आणि 1713 मध्ये पेशवे झाले हे सगळ्यांना माहीत असतं, पण खुद्द श्रीवर्धन, म्हसळा, दिवेआगर हा पट्टा 1948 ला जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत नवाबाच्याच राज्यात होता. रस्ते उशिरा आले, वीज उशिरा आली, तरुण पोरं मुंबईला गेली. मागे राहिले ते वाडीवाले, कोळीवाड्यांतले मच्छीमार, आणि गणपती-शिमग्याला घर उघडणारे चाकरमानी. 1993 मध्ये या किनाऱ्याचं नाव पेपरात आलं ते तर फारच वाईट कारणाने, मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचा माल दिघी आणि शेखाडीला उतरवला गेला होता. त्यानंतर काही वर्षं शेखाडी म्हटलं की लोकांना तेच आठवायचं. आज त्याच शेखाडी-आरावीच्या रस्त्याचे, समुद्राला अगदी खेटून श्रीवर्धनला जाणाऱ्या त्या रस्त्याचे, ड्रोन शॉट लोक रीलला टाकतात.

सापडला तो दिवस

17 नोव्हेंबर 1997, सोमवार. गावातल्या एका बाईंच्या पोफळीच्या वाडीत खणण्याचं काम चालू होतं, त्यात तांब्याची पेटी लागली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा, सोबत दागिने. मुखवट्याचं वजन सव्वा किलोच्या वर. बातमी पसरायला वेळ लागला नाही. मुखवटा गावातच राहिला, गणपतीच्या देवळात ठेवला गेला आणि सुवर्णगणेश म्हणून प्रसिद्ध झाला, आणि पुढच्या काही वर्षांत दिवेआगर हे नाव महाराष्ट्रभर पोचलं.

गावात खरा बदल कसा झाला तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लोक दर्शनाला यायला लागले, आणि दर्शनाला आलेला माणूस दुपारी जेवणार कुठे? हॉटेल नव्हतंच. मग ज्यांच्या ओटीवर ऐसपैस जागा होती त्यांनी पानं मांडली. आधी ओळखीच्यांना, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांना, मग फोन करून येणाऱ्या कुणालाही. पडवीला दोन भिंती घालून खोली झाली, खोलीला लागून संडास-बाथरूम झालं, वाडीत झोपाळा लागला, पाटी लागली, घरगुती जेवणाची व राहण्याची सोय. मोठी कंपनी आली नाही, बाहेरचं मोठं भांडवल सुरुवातीला आलं नाही, घरातल्या बायकांच्या हाताला जी चव होती तीच भांडवल ठरली. आजही पद्धत तीच आहे, सकाळी दहाच्या आत फोन करून सांगायचं, किती माणसं, व्हेज की मासे, मोदक किती. आयत्या वेळी गेलात तर जेवण मिळेलच असं नाही, कारण माणसं मोजूनच रांधलेलं असतं.

मोदकाचं तर सांगायलाच हवं. पंधरा-वीस पानांचे मोदक करायचे म्हणजे पहाटे नारळ फोडण्यापासून सुरुवात. नारळ वाडीतला. खवून गुळासोबत सारण शिजवायचं, वेलची, जायफळ, जायफळसुद्धा बऱ्याच ठिकाणी वाडीतलंच. उकड काढायची, पीठ मऊसूत होईपर्यंत तेलपाण्याच्या हाताने मळायचं, मग पारी करून चिमटीने कळ्या पाडायच्या. कळ्या जितक्या जवळ तितका मोदक देखणा. केळीच्या पानावर ठेवून वाफवायचे, ते पानही मागच्या दारचं. ताटात येतो तेव्हा वर तुपाची धार पडते आणि खाणारा फोटो काढतो, पण त्या एका ताटात नारळ, जायफळ, केळीचं पान, जेवणानंतरची सुपारी असं अर्ध्याच्या वर वाडीतून आलेलं असतं. पर्यटन आणि बागायत हे इथे दोन वेगळे धंदे कधी नव्हतेच. वाडी खर्च कमी ठेवायची म्हणून जेवण परवडणाऱ्या भावात मिळायचं, आणि वाडीची सावली होती म्हणूनच ती खोली एसीशिवाय मे महिन्यात राहण्यासारखी असायची.

आणि वाडीचं स्वतःचं उत्पन्न वेगळं. श्रीवर्धनी रोठा सुपारी, आकाराने मोठी, कापली की आतून पांढरं जास्त, चवीला सौम्य. श्रीवर्धनला कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे ते उगाच नाही. पिकलेली सुपारी उतरवायची, खळ्यात पसरून चाळीसेक दिवस कडक उन्हात वाळवायची, रोज हात फिरवायचा, मग सोलायची. हे सगळं होईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो आणि मुलांच्या फीचे, लग्नकार्याचे, घर शाकारायचे पैसे तिथून निघतात. पाहुणे आले नाहीत तरी सुपारी होती. हे लक्षात ठेवा.

चोरी

2012 चा गुढीपाडवा 23 मार्चला होता. त्याच रात्री, म्हणजे 24 च्या पहाटे, दरोडेखोर देवळात शिरले. पहाऱ्यावर असलेल्या दोघा रखवालदारांना त्यांनी मारून टाकलं. मुखवटा नेला. बातम्यांमध्ये, नंतरच्या चर्चांमध्ये, सगळीकडे सोन्याचं वजन आणि किंमत आधी यायची आणि ही दोन माणसं नंतर, कधी कधी यायचीच नाहीत. मला ते तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. देवळाची राखण करणारी साधी माणसं होती ती, किलोभर सोन्यासमोर एवढीच सुरक्षा होती, आणि सशस्त्र टोळीपुढे त्यांचा निभाव लागणं शक्यच नव्हतं.

पोलिसांनी टोळी पकडली, पण तोपर्यंत मुखवटा वितळवला गेलेला होता. हाती आलं ते लगडीच्या रूपातलं सोनं. मोक्का लागला, अलिबागच्या विशेष न्यायालयात खटला चालला आणि ऑक्टोबर 2017 मध्ये निकाल लागला. दहा जण दोषी ठरले, पाच जणांना जन्मठेप झाली, चोरीचं सोनं घेणाऱ्या सराफांनाही शिक्षा झाली.

एक नुकसान मात्र कुठल्याच कोर्टाला भरून देता येणार नव्हतं. तो मुखवटा कुठल्या काळातला, कुठल्या कारागिराच्या पद्धतीचा, हे सगळं त्याच्या घडणीत होतं, आणि घडण वितळली. सोन्याचं वजन परत मिळू शकतं, हातोडीचा ठोका परत मिळत नाही. इतिहासाच्या दृष्टीने बघितलं तर 2012 ला जे गेलं ते कायमचंच गेलं, नंतर कितीही सुंदर मुखवटा केला तरी.

आता गावाचं काय झालं? दर्शनासाठी येणाऱ्या बसेस थांबल्या, गर्दी घटली, गाव सुन्न झालं. नारळ-हारवाल्यांना, देवळाबाहेरच्या छोट्या दुकानदारांना फटका सगळ्यात जास्त. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की गाव बसलं नाही. पंधरा वर्षांत पुण्या-मुंबईच्या माणसांना या गावाची दुसरी ओळख झाली होती, स्वच्छ किनारा, शांतपणा, आणि अमक्या काकूंकडचं जेवण. दरवर्षी त्याच घरी उतरणारी कुटुंबं होती, त्यांची मुलं त्या वाडीत मोठी झाली होती. ती येत राहिली. हळूहळू नवीन लोक आले, ज्यांना सुवर्णगणेशाबद्दल फक्त ऐकून माहीत होतं. आणि ज्या महिन्यांत कोणीच आलं नाही त्या महिन्यांत सुपारी होती. 2012 च्या धक्क्यातून गाव सावरलं ते वाडीच्या आधारावर, असं मी ठामपणे म्हणतो. सोनं गेलं तेव्हा मागे उभी असलेली वाडी शाबूत होती.

वादळ

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात, श्रीवर्धन-दिवेआगरच्या जवळ, जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर, झोत 120 पर्यंत. बंगालच्या उपसागरावर, आंध्र-ओडिशाला असली वादळं दर दोन-चार वर्षांनी येतात, तिथल्या लोकांना सवय आहे, निवारे आहेत. आपल्या कोकणात आजीआजोबांनाही असं काही पाहिल्याचं आठवत नव्हतं. वर मी जी रचना सांगितली, केवडा, सुरू, माड, पोफळ, घर, ती रोजच्या खाऱ्या वाऱ्यासाठी होती. या वाऱ्यापुढे सुरूचं बन आधी आडवं झालं, आणि मग वारा सरळ वाड्यांत घुसला.

माड मुळासकट उपटले. पोफळी वेगळ्या तऱ्हेने गेल्या, खोड बारीक आणि उंच, चाळीस-पन्नास फूट, वाऱ्यात एकमेकींवर आपटून मधोमध कडाकड मोडल्या. एक पडली की ती शेजारच्या दोघींना घेऊन पडायची. घरांचे पत्रे उडाले, कौलं गेली, विजेचे खांब वाकले, रस्ते झाडांनी बंद, मोबाईलचे टॉवर बंद. मुंबईत बसलेल्या पोरांना आईवडील जिवंत आहेत की नाहीत हे कळायला कितीतरी तास, काहींना तर दिवस लागले. बऱ्याच वस्त्यांत वीज यायला आठवडेच्या आठवडे गेले. आणि हे सगळं लॉकडाऊनमध्ये, म्हणजे पाहुणे मार्चपासूनच बंद. पहिला आधार आधीच गेला होता, दुसरा त्या दुपारी गेला.

वाडीत फक्त नारळ-सुपारी नसते हे शहरातल्या लोकांना सांगावं लागतं. पोफळीवर मिरीचा वेल चढलेला असतो, मधे जायफळ, केळी, कडेला आंबा-फणस. एक पोफळ मोडली की वेलही गेला. जायफळाला सावली लागते, तीही गेली. एका दिवसात चार पिकं.

सरकारने मदत जाहीर केली, रायगडसाठी तातडीचे 100 कोटी, रत्नागिरीसाठी 75, सिंधुदुर्गासाठी 25. बागायतीला हेक्टरी 50 हजार. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण कोकणातली वाडी हेक्टरात मोजायची नसतेच, ती गुंठ्यात असते. दहा गुंठ्यांची वाडी धरली तर हेक्टरचा दहावा भाग, म्हणजे हातात येणार पाच हजार. त्यातही सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळची सात-आठ नावं, निम्मे मुंबईत, दोघं हयात नाहीत, मग संमतीपत्रं गोळा करा. बागायतदारांनी आरडाओरडा केला तो रास्त होता, आणि त्यानंतर झाडामागे मदत द्यायचा निर्णय झाला, नारळाच्या झाडाला 250 रुपये आणि सुपारीच्या झाडाला 50 रुपये.

हे 50 रुपये जरा समजून घेऊ. शास्त्रीय अंतर पावणेतीन मीटर धरलं तर दहा गुंठ्यांत साधारण 135 पोफळी बसतात. सगळ्या पडल्या असं धरलं तरी 6,750 रुपये. चांगली पोफळ वर्षाला दोन किलोच्या आसपास सोललेली सुपारी देते आणि किलोला काही शे रुपये मिळतात, म्हणजे मदत एका झाडाच्या एका वर्षाच्या उत्पन्नाइतकीही नाही. आणि पडलेलं झाड कापून, ओढून, वाडी साफ करायची मजुरी त्याहून जास्त. झाडनिहाय मदत हे तत्त्व योग्यच होतं, ते मिळवलं हे कोकणातल्या बागायतदारांचं यश आहे, पण रक्कम ठरवताना झाड परत उभं राहायला किती वर्षं लागतात हा हिशेब कुठेच दिसत नाही.

तो हिशेब असा आहे. सुपारीचं रोप विकत आणून दुसऱ्या दिवशी फळ येत नाही. आधी दहा वर्षांच्या वरच्या, चांगल्या मातृवृक्षाची पिकलेली फळं निवडायची, ती तशीच्या तशी सालासकट रुजत घालायची, दीडेक महिन्यात कोंब, मग रोपवाटिकेत वर्ष-दीड वर्ष. मग वाडीत लावायचं. लावल्यापासून पाच ते सात वर्षांनी पहिली सुपारी, आणि भरघोस पीक म्हणाल तर दहा वर्षांच्या पुढे. वादळात तर चांगले मातृवृक्षच गेले होते, आणि रोपं सगळ्या किनाऱ्याला एकदमच हवी होती.

याहून मोठी अडचण सावलीची. सुपारीच्या लहान रोपाला कडक ऊन चालत नाही, पानं करपतात, जुनी पोफळ पडली तर शेजारणींच्या सावलीत नवीन रोप वाढायचं अशीच आजवरची रीत. म्हणजे वाडीत एका वेळी पाच वर्षांचं, वीस वर्षांचं, पन्नास वर्षांचं झाड असायचं आणि वाडी म्हातारी कधी व्हायचीच नाही. आता छप्परच उडालं होतं. त्यामुळे ज्यांनी घाईघाईने त्याच पावसाळ्यात रोपं लावली त्यांची बरीचशी पुढच्या एप्रिल-मेच्या उन्हात जळायचा धोका होता, आणि जी जुनी झाडं वाचली त्यांच्या खोडांनाही पश्चिमेकडून ऊन लागून भाजल्यासारखे चट्टे पडतात, खोड तिथे कमजोर होतं आणि पुढच्या वाऱ्यात तिथेच मोडतं. जाणकार वाडीवाल्यांनी म्हणून आधी केळी लावल्या. केळी वर्षभरात वर येते, सावली देते, घडाचे चार पैसे पण देते, मग तिच्या आडोशाला पोफळीचं रोप. रोजगार हमीतून साफसफाई आणि पुनर्लागवडीची सोय सरकारने केली त्याचाही काहींना उपयोग झाला. तेवढ्यात मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यासमोरून गेलं आणि जे डगमगत उभं होतं त्यातलंही काही आडवं झालं.

मुखवटा परत

23 नोव्हेंबर 2021, अंगारकी संकष्टी. कायदेशीर सोपस्कार पूर्ण होऊन, जप्त झालेल्या सोन्यातून नवीन मुखवटा घडवून त्या दिवशी देवळात त्याची प्रतिष्ठापना झाली, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार आले होते. गावात सडे-रांगोळ्या, मिरवणूक, लोकांच्या डोळ्यांत पाणी. गावकऱ्यांनी त्यासाठी किती वर्षं पाठपुरावा केला होता, किती अर्ज, किती हेलपाटे, त्याचं कौतुक व्हायलाच पाहिजे. गर्दी परत आली, कोरोनानंतर लोक तसेही बाहेर पडायला आसुसले होते, आणि आता शनिवार-रविवार किंवा ख्रिसमसला दिवेआगरला खोली मिळणं मुश्कील असतं.

चोरीपासून प्रतिष्ठापनेपर्यंत नऊ वर्षं आठ महिने. वादळात पडलेल्या पोफळीच्या जागी नवीन रोप 2021 च्या पावसाळ्यात केळीच्या सावलीत लावलं असेल तर ते 2027-28 च्या सुमारास पहिली सुपारी देईल, आणि आधीसारखी वाडी व्हायला 2035 उजाडेल. म्हणजे सोन्यापेक्षा जास्त वेळ वाडीला लागणार, आणि या सगळ्या काळात वाडीवाल्याने शिंपणं, खत, मजुरी खर्च करत राहायचं, पहिली सुपारी येईपर्यंत पोफळीचं उत्पन्न काही नाही.

आणि इथेच मला खरी काळजी आहे. रिकामी वाडी आणि वाढतं पर्यटन एकाच वेळी समोर असलं की माणूस काय करेल? जिथे पोफळी होत्या तिथे चार आरसीसी खोल्या, पुढे पार्किंग, जमलं तर स्विमिंग पूल. त्याला दोष देता येत नाही, त्याला घर चालवायचंय. बाहेरचे एजंट तर तयारच असतात, सी टच प्लॉट म्हणून. सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे, नियम आहेत, विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्याला भरतीरेषेपासून 200 मीटर ना विकास क्षेत्र आहे, पण वाड्या त्याच्या आतही आहेत आणि बाहेरही, आणि बाहेरच्या वाडीला नियमाचं संरक्षण नाही. खोल्या वाढल्या, वाडी संपली, तर पुढचं वादळ आल्यावर किंवा पुढचा लॉकडाऊन लागल्यावर गाव कशाच्या आधारावर उभं राहणार? 2012 ला मागे वाडी होती. पुन्हा तसं काही झालं तर मागे काय असेल?

वाडी ठेवूनच धंदा करणारी घरं आजही आहेत, आणि माझ्या मते गावाचा पुढचा रस्ता तोच आहे. पाहुण्याला वाडीतून फिरवतात, मिरीचा घोस दाखवतात, जायफळाच्या फळातून लाल जायपत्री काढून हातावर ठेवतात, खळ्यात वाळत घातलेली सुपारी दाखवतात, जाताना अर्धा किलो सोललेला रोठा विकतात, दलालाच्या भावापेक्षा चांगल्या भावाने. असा पाहुणा पुन्हा येतो. जाणाऱ्यांनी पण एवढं करावं, बुकिंग करताना वाडी आहे का विचारावं, तिथे उतरावं, सुपारी-मिरी-जायफळ-कोकम तिथूनच घ्यावं. रूपनारायणाला जावं. सुरूच्या बनात गाडी घालू नये, वाळूवर तर नाहीच नाही, तिथे नवीन रोपं लावलेली असतात आणि ऑलिव्ह रिडले कासवं याच किनाऱ्यांवर अंडी घालतात.

वाडीवाल्यांसाठी एक कामाची गोष्ट. 2020 च्या पंचनाम्यात सगळ्यात जास्त भांडणं झाली ती झाडं किती होती यावर, कारण सातबाऱ्यावर नोंदच नव्हती किंवा तीस वर्षं जुनी होती. ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीचं अ‍ॅप राज्यभर आलंय, त्यात फळझाडांची नोंद फोटोसकट स्वतः करता येते. लहान रोपं असली तरी करा, बांधावरची झाडं पण टाका, वारसनोंदी राहिल्या असतील तर तलाठ्याकडे आताच लावून घ्या, मुंबईच्या भावंडांच्या सह्या गणपतीत सगळे घरी येतात तेव्हाच मिळतात. रेंज नसेल तर माहिती भरून ठेवता येते आणि नेटवर्कमध्ये आल्यावर अपलोड होते.